मुलींना येत नाही, की त्या तसं म्हणतात?

प्रश्न : ताई, मी शिक्षणशास्त्रात एम.ए. करते. विद्यापीठातले विद्यार्थी ऑनलाइन शिक्षणाचे प्लॅटफॉर्म कितपत स्वीकारतात, यावर माझा लघुप्रबंध आहे. ‘हे मला सहज वापरता येतं’ या विधानाला मुलांनी मुलींपेक्षा वरचे गुण दिले. सर म्हणतात, ‘मुली तंत्रज्ञानात मागे’ असं सरळ लिहा. मला ते पटत नाही. काय करू?

उत्तर : पटत नाही ना? मग लिहू नका.

मी बरीच वर्षं मूडल या ऑनलाइन शिक्षणाच्या प्लॅटफॉर्मच्या मदतकक्षात बसते. एकदा एक मुलगी आली. ‘मॅडम, मला यातलं काहीच कळत नाही.’ असाइनमेंट अपलोड होत नव्हती. तिने ब्राउझर बदलून पाहिला होता, फाइलचा आकार कमी केला होता, एरर कधी आणि काय आली तेही वहीत वेळेसकट टिपलं होतं. चूक शिक्षकांची होती. मुदतीची तारीखच त्यांनी मागची टाकली होती. त्याच दुपारी एक मुलगा ‘तुमची सिस्टीम बंद आहे’ म्हणून तणतणत आला. हा गडी भलत्याच कोर्समध्ये फाइल चढवत होता! आता तुमची प्रश्नावली या दोघांपुढे ठेवा. तो ‘पूर्णपणे सहमत’वर खूण करेल, ती अडखळेल. तुम्ही मोजलात तो आत्मविश्वास. कौशल्य त्या रकान्यात आलंच नाही.

तुमची विधानं फ्रेड डेव्हिस या संशोधकाच्या १९८९च्या मॉडेलवर बेतलेली दिसतात. लोक नवं तंत्रज्ञान का स्वीकारतात, हे ते दोन गोष्टींवरून सांगतं : उपयुक्त वाटणं आणि सोपं वाटणं. यात ‘वाटणं’ विसरू नका. पुढे २०००मध्ये वेंकटेश आणि मॉरिस या संशोधकांनी नोकरदारांना नवं सॉफ्टवेअर वापरताना काही महिने पाहिलं. पुरुषांच्या निर्णयात उपयुक्ततेचं वजन जास्त होतं. बायकांच्या निर्णयात सोपेपणाचं आणि आसपासच्यांच्या मताचं. पण सवय होत गेली तसा त्या मतांचा प्रभाव ओसरला. ते नोकरदार होते, तुमचे विद्यार्थी आहेत. तेव्हा ते निष्कर्ष जसेच्या तसे उचलू नका. मुद्दा एवढाच, की सरासरी कुणाची जास्त हा एक प्रश्न आणि कशामुळे कोण वापरायला लागतं हा दुसरा. दुसऱ्यासाठी दोन्ही गटांचं विश्लेषण वेगवेगळं करावं लागतं.

लॉग, म्हणजे प्लॅटफॉर्मवर कुणी कधी काय केलं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, मिळतात का बघा. परवानगी घ्या, नावं काढून टाका. कोण किती वेळा आलं, कुणी काम वेळेत दिलं, हे प्रश्नावलीशेजारी ठेवा. आधीचा अनुभव, विद्याशाखा आणि मोबाइल स्वतःचा की घरात वाटून घेतलेला, हे विचारलंय का? नसेल तर तो फरक तुम्ही मुलगा-मुलगी या खात्यावर जमा करताय. आणि दोन्ही गटांच्या गुणांचे आलेख एकावर एक ठेवून पाहा. बहुतेक ठिकाणी ते एकमेकांवर चढलेले दिसले, तर ‘मागे’ हा शब्द कुठे बसवणार?

सरांशी वाद घालू नका. निष्कर्षात फक्त ‘मुलींनी स्वतःला कमी गुण दिले’ असं लिहून दाखवा. त्यात त्यांना खोडायला काही सापडणार नाही.