कर्ज थकलेलं घर घेताना

प्रश्न : नोकरी गेल्यामुळे फ्लॅटमालकाचे पाच-सहा हप्ते थकलेत. तो म्हणतो, 'आता थोडे पैसे द्या, ताबा घ्या आणि पुढचे हप्ते तुम्हीच भरा. कर्ज माझ्या नावावर राहू द्या, मी कुलमुखत्यारपत्र करून देतो.' भाव चांगला आहे. घ्यावं का?

या अटीवर मुळीच घेऊ नका. तुम्ही दहा वर्षं हप्ते भरले तरी कर्ज त्याचं, घरही त्याचंच. उद्या तो वारला, वारसांनी हात वर केले, किंवा दुसऱ्या घेणेकऱ्याने त्याच घरावर जप्ती आणली, तर तुमच्या हातात नुसत्या पावत्या. कुलमुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलंय.

त्यात हप्ते ९० दिवसांहून जास्त थकले की खातं एनपीए, म्हणजे बुडीत कर्जाच्या वर्गात जातं. मग बँक सरफेसी कायद्याखाली (तारण घर ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकेला देणारा कायदा) ६० दिवसांची मागणी नोटीस काढते, आणि ती मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकायला मालकाला मनाई असते. म्हणून भाव बोलण्याआधी विचारा, नोटीस आलीय का? आली असेल तर ती डोळ्यांनी पाहा. लिलावाची जाहीर सूचना निघाल्यावर तर कर्ज फेडून घर सोडवण्याचा हक्कही उरत नाही.

प्रश्न : मग असं घर रीतसर घ्यायचं कसं?

घेता येतं, आणि अडचणीतल्या माणसाची त्यात सुटकाही होते. फक्त पैशांची वाट बदलायची. मालकाला बँकेकडून फोरक्लोजर लेटर (कर्ज पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल ते सांगणारं पत्र) आणि तिच्याकडे असलेल्या मूळ कागदपत्रांची यादी मागवायला सांगा. इथेच बरेच जण फसतात. पत्र फक्त गृहकर्जाचं असतं आणि त्याच घरावर टॉप-अप (गृहकर्जावर घेतलेलं वाढीव कर्ज) किंवा धंद्याचं कर्जही उभं असतं. गृहकर्ज फिटतं, पण कागद सुटत नाहीत. तेव्हा 'या घराच्या तारणावरची सर्व कर्जं' असा आकडा लेखी घ्या.

मग साठेखत (विक्रीचा करार) नोंदवा आणि कोणती रक्कम कोणत्या कर्जखात्यात थेट जाईल ते त्यात लिहा. विसार लहान ठेवा. साठेखतानंतर दिलेल्या पैशांपुरता तुमचाही घरावर हक्क लागतो, पण बँकेच्या मागे. पे ऑर्डर बँकेच्या नावे काढा, त्यावर कर्जखात्याचा क्रमांक हवा. 'माझ्या बचत खात्यात टाका, मी भरतो' याला प्रेमाने पण ठाम नकार द्या. तुम्हीही कर्ज काढत असाल तर तुमची बँक रक्कम परस्पर त्या बँकेला देऊन कागद ताब्यात घेते; मला हाच मार्ग सर्वांत निर्धास्त वाटतो.

किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर पैसे बँकेत गेले तरी १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या नावे सरकारकडे भरायचा आयकर) तुम्हाला कापावाच लागतो. तो कापून उरलेल्या रकमेत कर्ज फिटतं का, हे आधी मांडून पाहा.

प्रश्न : ठरलेल्या किमतीपेक्षा कर्जाची बाकीच जास्त निघाली तर?

वरची रक्कम मालकाने आणायची, नाहीतर बँकेकडून एकरकमी तडजोड मंजूर करून घ्यायची. मंजुरीच्या पत्रात 'एवढे भरल्यावर तारण मोकळं होईल' हे शब्द हवेतच. शाखेतल्या तोंडी आश्वासनावर एक रुपयाही भरू नका.

प्रश्न : कर्ज पूर्ण भरलं, पण बँक मूळ कागद देत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ डिसेंबर २०२३ पासून पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत कागद परत द्यावे लागतात. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५००० रुपये भरपाई. मात्र बँक कागद कर्जदाराला, म्हणजे विकणाऱ्याला देते. त्यामुळे पैसे भरण्याआधीच ते तुमच्या हाती द्यावेत असं त्याचं पत्र बँकेत देऊन पोच घ्या. कागद मिळाले की सरसाईच्या (CERSAI, तारण मालमत्तांची केंद्रीय नोंदवही) नोंदीतून कर्जाचा बोजा उतरलाय का तपासा, आणि बँकेचं नाहरकत पत्र देऊन सोसायटीच्या दप्तरातली बोजाची नोंदही कमी करून घ्या.