जागतिक आरोग्य राजनयात नर्सचं नेमकं काय काम?

तुम्ही विचारलंय की नर्सिंगच्या अभ्यासक्रमात 'जागतिक आरोग्य राजनय', म्हणजे आरोग्याच्या प्रश्नांवर देशादेशांत होणाऱ्या वाटाघाटी, असा एक पाठ आहे, पण अशा वाटाघाटींशी वॉर्डात ड्युटी करणाऱ्या नर्सचा संबंध काय, आणि हे परीक्षेपुरतं पाठ करावं की खरंच त्यात काही आहे?

आहे. फक्त 'परिचारिका या आरोग्याच्या राजदूत आहेत' या छापाची वाक्यं आधी बाजूला ठेवा. मी बरीच वर्षं वॉर्डात काढली, नंतर शिकवायला लागले; अशा वाक्यांनी कोणा सिस्टरचं भलं झालेलं अजून पाहिलेलं नाही. वाटाघाटींच्या टेबलाशी नर्सचं नातं दोन तऱ्हांचं असतं. कधी ती टेबलाभोवतीच्या खुर्चीवर असते, तर कधी तिच्याविषयीच घासाघीस चाललेली असते. दुसरं कितीतरी जास्त वेळा घडतं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

फेब्रुवारी २०२१. कोरोनाची लस नुकतीच निघाली होती आणि श्रीमंत देशांनी ती आधीच राखून ठेवली होती. फिलिपिन्सने आपल्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या परदेशी जाण्यावर वर्षाला ५,००० ची मर्यादा घातली होती. तिथल्या कामगार खात्याच्या एका अधिकाऱ्याने उघडपणे सांगितलं की ब्रिटन आणि जर्मनीने लसी दिल्या तर त्यांच्यासाठी ही मर्यादा सैल करू. लसी हव्या होत्या त्या परदेशी निघालेल्या आणि मायदेशी परतलेल्या कामगारांसाठी. ब्रिटनने असा सौदा करायला नकार दिला. या प्रस्तावावर लोक चिडले, 'माणसांचा व्यापार' वगैरे बोलले. मला मात्र त्यात एक प्रकारचा प्रामाणिकपणा दिसला. एरवी करारांच्या गोड भाषेत जे झाकलेलं असतं, ते एका अधिकाऱ्याने स्पष्ट बोलून दाखवलं, इतकंच.

दुसरं उदाहरण फार कडू आहे. लिबियातल्या बेनगाझीच्या मुलांच्या रुग्णालयात ४०० हून अधिक मुलांना एचआयव्हीची लागण झाली. १९९९ मध्ये तिथे काम करणाऱ्या पाच बल्गेरियन नर्स आणि एक पॅलेस्टिनी डॉक्टर यांना पकडलं. त्यांनी मुद्दाम विषाणू टोचला, असा आरोप. २००४ मध्ये फाशीची शिक्षा झाली, २००६ च्या फेरसुनावणीत पुन्हा तीच. विषाणूच्या जनुकीय अभ्यासातून दिसलं की ही माणसं तिथे रुजू होण्याआधीच लागण पसरत होती. तज्ज्ञांनी बोट ठेवलं ते रुग्णालयातल्या ढिसाळ जंतुसंसर्ग नियंत्रणावर. न्यायालयाने ते मानलं नाही. शेवटी युरोपीय महासंघाच्या वाटाघाटी, मुलांच्या कुटुंबांना भरपाई आणि फ्रान्सची मध्यस्थी असं सगळं होऊन जुलै २००७ मध्ये ते सुटले. आठ वर्षं! विद्यार्थ्यांना इंजेक्शनची सुरक्षितता शिकवताना मी ही गोष्ट सांगतेच. वापरलेल्या सुईची विल्हेवाट हा रोजचा कंटाळवाणा विषय दोन खंडांमधला तंटा होऊ शकतो.

आता मुख्य मुद्दा, स्थलांतर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सुमारे २ कोटी ९८ लाख नर्स आहेत आणि आणखी ५८ लाखांची कमतरता आहे. साधारण सात नर्सपैकी एक जन्मदेशाबाहेर काम करते. म्हणजे एका देशाने शिकवायचं आणि दुसऱ्याने वापरायचं, हा व्यवहार फार मोठा आहे. त्याला काही शिस्त लावावी म्हणून २०१० मध्ये जागतिक आरोग्य सभेने, म्हणजे या संघटनेच्या सदस्य देशांच्या सभेने, आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय भरतीची संहिता मंजूर केली. ज्या देशांत आधीच तीव्र टंचाई आहे तिथून दुसऱ्या देशांनी मुद्दाम भरती करू नये, असं ती सांगते. २०२३ च्या यादीत असे ५५ देश होते. त्याच वेळी नर्सचा स्वतःहून देश सोडण्याचा हक्कही ती मान्य करते. जाणाऱ्या पोरीला 'देश सोडून पळाली' म्हणणाऱ्यांनी हे दुसरं वाक्य जरूर वाचावं. संहितेची मोठी अडचण म्हणजे ती ऐच्छिक आहे. मोडली तरी दंड नाही.

त्यामुळे खरी लढाई होते दोन देशांमधल्या करारांत. असा करार कधी हाती आला तर प्रस्तावनेतली मैत्रीची भाषा सोडून थेट कलमांवर या. भाषेच्या शिकवणीचा आणि परीक्षेचा खर्च कोण भरणार? परवाना मिळेपर्यंत तिला कोणत्या पदावर आणि किती पगारावर ठेवणार? आधीचा अनुभव सेवाज्येष्ठतेत धरणार की शून्यापासून मोजणार? नोकरी मध्येच सोडली तर तिच्याकडून पैसे वसूल करणार का? जिथून ती गेली त्या देशाच्या नर्सिंग कॉलेजांना बदल्यात काही मिळणार का? माझी एक विद्यार्थिनी अतिदक्षता विभागात आठ वर्षं व्हेंटिलेटरचे रुग्ण सांभाळून परदेशी गेली. कागदपत्रांची समकक्षता ठरेपर्यंत जवळजवळ वर्षभर तिने सहायक म्हणून चादरी बदलल्या, अंग पुसून दिलं. ते काम हलकं नाही, पण तिला घेतलं होतं ते त्यासाठी नव्हे. कोणी तिला मुद्दाम फसवलं असं मला वाटत नाही. ज्या खोलीत तो मसुदा झाला, तिथे बहुधा परराष्ट्र खात्याची आणि कामगार खात्याची माणसं असतील. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण सांभाळणं म्हणजे काय, हे ठाऊक असलेलं कोणी असतं तर अनुभवाचं एक कलम वाढलं असतं.

इथे खुर्चीचा प्रश्न येतो. १८५१ मध्ये पॅरिसला पहिली आंतरराष्ट्रीय स्वच्छता परिषद भरली, कॉलरा आणि क्वारंटाइनवर. बारा राज्यं आली, प्रत्येकाकडून एक डॉक्टर आणि एक मुत्सद्दी. नाइटिंगेल क्रिमियाच्या युद्धात गेली ती त्यानंतर तीन वर्षांनी, त्यामुळे तेव्हा नर्स नव्हती याचा दोष कोणाला देता येत नाही. पण ती जोडी पुढे रूढ झाली आणि बराच काळ टिकली.

नर्सेसनी मग आपली वेगळी वाट काढली. इंटरनॅशनल कौन्सिल ऑफ नर्सेस, म्हणजे देशोदेशीच्या नर्सिंग संघटनांचा महासंघ, १८९९ ची, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेपेक्षा जवळपास पन्नास वर्षांनी थोरली. ही संस्था निव्वळ शुभेच्छापत्रं पाठवणारी नव्हती. वर्णभेदाच्या काळात दक्षिण आफ्रिकेच्या नर्सिंग संघटनेत गोऱ्यांनाच अधिकार होते. कौन्सिलने त्यावर दबाव आणला आणि १९७३ मध्ये ती संघटना बाहेर पडली. तैवान जागतिक आरोग्य संघटनेचा सदस्य नाही, पण तिथल्या नर्सेसची संघटना या कौन्सिलमध्ये आहे आणि २००५ चं अधिवेशन तैपेईलाच झालं. सरकारांना जे जमत नाही ते व्यावसायिक संघटना कधीकधी गाजावाजा न करता करून टाकतात.

पण मतदान? जागतिक आरोग्य सभेत मत असतं ते सदस्य देशांना, आणि शिष्टमंडळात कोण जाणार हे सरकार ठरवतं. कौन्सिल तिथे निवेदन वाचू शकते, मत देऊ शकत नाही. म्हणून मला वाटतं की जिनिव्हाची, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या मुख्यालयाची, वाट आपल्याच आरोग्य मंत्रालयातून जाते. तिथे मुख्य नर्सिंग अधिकाऱ्याचं पद आहे का, तिचं ऐकलं जातं का की फक्त १२ मेच्या परिचारिका दिनाच्या कार्यक्रमात दीपप्रज्वलनाला बोलावतात, यावर पुढचं सगळं अवलंबून. जागतिक आरोग्य संघटनेच्या मुख्य नर्सिंग अधिकारी म्हणून २०१७ मध्ये एलिझाबेथ इरो आल्या; त्या कुक आयलंड्सच्या आरोग्य सचिव होत्या. त्यांच्यानंतर आल्या अमेलिया तुईपुलोतू, टोंगाच्या माजी आरोग्यमंत्री. लागोपाठ दोघी पॅसिफिकमधल्या चिमुकल्या बेटांवरच्या! लहान देशांत नर्सला मंत्रालयापर्यंत चढायला पायऱ्या कमी लागत असाव्यात, हा आपला माझा अंदाज.

राहिलं प्रत्यक्ष साथीतलं काम. त्यावर पुस्तकात भरपूर असेल, मी एवढंच सांगते. २०१४ मध्ये इबोलासाठी क्यूबाने सिएरा लिओनला १६५ जणांचं पथक पाठवलं. वैद्यकीय पथकं हे क्यूबाच्या परराष्ट्र धोरणाचं जुनं साधन आहे. त्या पथकात निम्म्याहून जास्त नर्स होते. बातम्या मात्र बहुतेक ठिकाणी 'क्यूबाचे डॉक्टर' अशाच आल्या.

तेव्हा पाठांतर करू नका. २०१० ची ती संहिता लहान आहे, एका बैठकीत वाचून होते. मग तुमच्या देशाने नर्स पाठवण्याचा किंवा घेण्याचा केलेला एखादा करार शोधा आणि वर दिलेले प्रश्न त्याला विचारा. उत्तरं सापडली नाहीत तर ते लिहून काढा आणि शिकवणाऱ्या मॅडमना दाखवा. काही अडलं तर खाली विचारा, नाईट ड्युटी आता नसल्यामुळे मी संध्याकाळी उत्तर देऊ शकते.