सांगणाऱ्याचे नाव कुठे लिहायचे?

तुर्कस्तानचे लोकसाहित्य आणि अमूर्त सांस्कृतिक वारसा या विषयावरील संशोधन प्रसिद्ध कसे करावे, याबद्दल या वेळी चार पत्रे आली आहेत. पहिल्या दोन पत्रांना विस्ताराने उत्तर देणे आवश्यक वाटले. उरलेल्या दोन पत्रांचा विचार त्या मानाने थोडक्यात केला आहे.

प्रश्न : मी तुर्की भाषा शिकले असून कार्स आणि एर्झुरुम भागातील आशिकांच्या, म्हणजे साझ हे तंतुवाद्य वाजवत गाणाऱ्या लोककवींच्या, काही मैफली ध्वनिमुद्रित केल्या आहेत. पहिल्या शोधनिबंधासाठी ‘युनेस्कोच्या यादीतील आशिकपरंपरा’ हा विषय घ्यावा, असे मला सुचवण्यात आले आहे. हा विषय योग्य आहे का? निबंध कोणत्या भाषेत लिहावा आणि कुठे पाठवावा?

उत्तर : सूचना सद्भावनेची असली, तरी या शीर्षकाचा निबंध बहुधा तिसऱ्या पानापर्यंतही निबंध होत नाही. अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या, म्हणजे कला, रूढी, कथनपरंपरा अशा वारशाच्या, संरक्षणाचा युनेस्कोचा करार 17 ऑक्टोबर 2003 रोजी संमत झाला, तुर्कस्तान 2006 मध्ये त्यात सामील झाला, 2008 मध्ये मेद्दाह ही एकट्या कथेकऱ्याची कला यादीत आली, 2009 मध्ये आशिकपरंपरा आणि कारागोझ हा छायानाट्याचा प्रकार आला, पुढे 2011 मध्ये केश्केक हा गहू आणि मांसाचा समारंभी पदार्थ, 2013 मध्ये तुर्की कॉफी, 2014 मध्ये एब्रू ही पाण्यावर रंग सोडून कागद रंगवण्याची कला, असा हा क्रम नियतकालिकासाठी निबंध तपासणाऱ्या परीक्षकाला पाठ असतो. तो पुन्हा सांगण्यात खर्च केलेले प्रत्येक पान तुमच्या स्वतःच्या सामग्रीतून वजा होते. शिवाय 2009 हे वर्ष फक्त प्रस्ताव मंजूर कधी झाला एवढेच सांगते; त्या संध्याकाळी त्या कॉफीघरात कवीने काय केले, हे त्यातून मुळीच कळत नाही.

तुमच्याजवळ जे आहे ते यादीत नाही, आणि निबंधाची सुरुवात तिथूनच व्हावी. आशिकांमध्ये ‘लेबदेमेझ’ नावाचा एक प्रकार आहे. कवी दोन ओठांच्या मध्ये उभी टाचणी धरतो आणि ज्या वर्णांच्या उच्चाराला ओठ जुळावे लागतात ते, म्हणजे ब, प, म, व, फ, टाळून उत्स्फूर्त कवने रचत जातो. एखादा ‘म’ चुकून निसटला की टाचणी ओठाला टोचते आणि चूक कुणी दाखवून देण्याची गरज उरत नाही. दोन कवींच्या सवाल-जवाबात, ज्याला ‘आतश्मा’ म्हणतात, यमकाला ‘आयाक’ म्हणजे शब्दशः ‘पाय’ असे नाव आहे, आणि यमक कुणी घालून द्यायचे यालाही महत्त्व असते. तुमच्या ध्वनिमुद्रणात असा एखादा प्रसंग असेल, तर त्या एकाच प्रसंगावर संपूर्ण निबंध उभा राहू शकतो. यमक श्रोत्याने दिले की प्रतिस्पर्ध्याने? कवी अडखळला तेव्हा साझ वाजतच राहिले की थांबले? अडखळलेल्या कवीला श्रोत्यांनी सांभाळून घेतले की हसून सोडून दिले? परीक्षक हेच शोधत असतो, आणि बहुतेक निबंधांत हेच मिळत नाही.

यादीचा विषय मुळातच वर्ज्य आहे, असे मात्र नाही. करारातील दुसऱ्या कलमाची व्याख्या असे म्हणते की समुदाय, गट आणि काही प्रसंगी व्यक्ती ज्याला आपला वारसा मानतात तो वारसा. म्हणजे ‘समुदाय कोण?’ हा प्रश्न करारानेच उघडा ठेवला आहे. यादीत नाव आल्यानंतर कोणत्या कवींना महोत्सवांची व्यासपीठे मिळाली, कॉफीघरातील मैफलीचे काय झाले, ‘आमची परंपरा’ हे शब्द आता कोण उच्चारतो, हे तुम्ही प्रत्यक्ष विचारले असेल, तर त्यावर जरूर लिहावे. फक्त ‘अस्सल’ आणि ‘मूळ रूप’ हे शब्द हाताशी ठेवू नका. हा वारसा पिढ्यानपिढ्या नव्याने घडवला जातो असे करार स्वतःच म्हणतो, त्यामुळे अस्सलपणाचा निवाडा देणारे वाक्य परीक्षक तांबड्या शाईने अधोरेखित करतो.

आता नियतकालिकांकडे वळू. अंकारा येथून 1989 पासून निघणारे ‘मिल्ली फोल्क्लोर’ हे त्रैमासिक या क्षेत्रातील पहिले नाव होय. कला आणि मानव्यविद्यांच्या आंतरराष्ट्रीय उद्धरणसूचीत त्याची नोंद आहे आणि त्यामुळेच तिथे गर्दीही मोठी असते. तुर्कस्तानातील बहुतेक विद्यापीठीय नियतकालिके ‘देर्गीपार्क’ या शासकीय संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. निबंध पाठवण्यापूर्वी निवडलेल्या नियतकालिकाचे मागील दोन वर्षांचे अंक तिथे चाळणे, हे निबंध लिहिण्याइतकेच आवश्यक काम आहे. तुमचा प्रश्न कथनप्रकाराविषयी असेल, तर जर्मनीतील गटिंगनची परंपरा असलेले आणि 1958 पासून निघणारे ‘फाबुला’ पाहावे. आशियाई समाजांच्या संदर्भात मांडणी असेल, तर जपानमधील नान्झान विद्यापीठाचे ‘एशियन एथ्नॉलॉजी’ पाहावे. वारशाच्या धोरणाविषयी लिहायचे असेल, तर कोरियाच्या राष्ट्रीय लोकसंग्रहालयाचे वार्षिक आहे.

भाषेचा निर्णय वाचकावरून करावा. तुमच्या म्हणण्याशी वाद घालू शकणारे अभ्यासक प्रामुख्याने तुर्की वाचतात. त्यामुळे तुर्कीत लिहिणे शक्य असेल, तर तोच मार्ग अधिक कष्टाचा आणि अधिक फलदायी आहे. इंग्रजीत लिहिलात, तरी कवने मूळ तुर्कीत आणि त्याखाली भाषांतर अशीच द्या, कारण केवळ भाषांतरावरून टाचणीचा प्रयोग तपासताच येत नाही. तुर्की नियतकालिके साधारणपणे तुर्की आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतील सारांश मागतात, आणि सारांश हा शेवटच्या रात्री उरकण्याचा भाग नव्हे. परीक्षण दुहेरी अनामिक, म्हणजे लेखक आणि परीक्षक यांना एकमेकांची नावे न कळू देणारे, असल्याने मजकुरातील ‘माझ्या आधीच्या लेखात’ यांसारखे उल्लेख काढून टाकावेत. एकच निबंध एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवू नये. आठवडाभरात छापून देतो, फक्त शुल्क भरा, असे सांगणाऱ्यांना तर उत्तरही देऊ नये.

प्रश्न : मला गाणी आणि माहिती सांगणाऱ्या निवेदकांपैकी दोन वृद्ध स्त्रियांनी आपले नाव छापू नये असे सांगितले, तर एक कवी नाव छापलेच पाहिजे असा आग्रह धरतो. संपादकांनी मात्र नैतिक समितीचे मान्यतापत्र मागितले आहे. लोकगीते अनामिकच असतात, मग एवढा खटाटोप कशासाठी?

उत्तर : पत्रातील शेवटचे वाक्य आधी बाजूला ठेवावे लागेल, कारण घोटाळा तिथेच आहे. ‘मानी’ हे साधारणपणे सात-सात अक्षरांचे चार चरण असलेले पद्य अनामिक असते, हे खरे. परंतु ते तुमच्यासमोर म्हणणारी स्त्री अनामिक नसते. आशिकाचे कवन तर अनामिकही नसते. त्याच्या शेवटच्या कडव्यात कवी आपली नाममुद्रा गुंफतो, तिला ‘माहलास’ म्हणतात. सिवास प्रांतातील सिव्रिआलान गावचे आशिक वेय्सेल (1894–1973) यांच्या रचनांच्या शेवटी ‘वेय्सेल’ हे नाव येते. तेव्हा शेवटच्या कडव्यात कवीचे नाव ठळक दिसत असताना खाली ‘अनामिक’ असे छापणे म्हणजे सही असलेल्या कागदावर ‘सही नाही’ असा शेरा मारण्यासारखे आहे. अशा चुका छापून येतात, आणि त्या दुरुस्त करायला नंतर कुणी येत नाही.

तुर्की लोकविद्येत निबंधाच्या शेवटी ‘कायनाक किशिलेर’, म्हणजे आधारभूत व्यक्तींची, यादी देण्याची पद्धत आहे. नाव, जन्मवर्ष, शिक्षण, व्यवसाय, गाव आणि संकलनाची तारीख असे तिचे रूप असते आणि मजकुरात ‘के-1’, ‘के-2’ अशा खुणांनी तिच्याकडे निर्देश केला जातो. माझ्या मते निबंधातील सर्वांत मोलाची जागा हीच आहे. ज्या दोघींना नाव नको आहे त्यांच्यासाठी नाव वगळून बाकीचे तपशील ठेवावेत, पण गाव लहान असेल आणि व्यवसाय सांगताच माणूस ओळखू येत असेल, तर गावाऐवजी जिल्हा लिहावा. कवीचे नाव त्याने सांगितले त्याच रूपात, माहलाससह, छापावे. दोन्ही निर्णय एकाच तत्त्वातून निघतात, आणि ते तत्त्व म्हणजे ज्याचे त्याला विचारणे.

मान्यतापत्राबद्दल संपादकांवर रागावू नये. ‘टीआर दिझिन’ या तुर्कस्तानच्या नियतकालिकांच्या राष्ट्रीय सूचीने 2020 पासून मुलाखती, प्रश्नावल्या, निरीक्षण अशा मार्गांनी माणसांकडून माहिती घेणाऱ्या संशोधनासाठी नैतिक समितीची मान्यता बंधनकारक केली आहे. समितीचे नाव, निर्णयाची तारीख आणि क्रमांक निबंधात छापावे लागतात. सूचीत राहू इच्छिणाऱ्या नियतकालिकाला यात सवलत देता येत नाही. शिवाय वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा 6698 क्रमांकाचा कायदा 2016 पासून लागू आहे, आणि ध्वनिमुद्रणातील आवाजही त्या दृष्टीने माहितीच ठरू शकतो. खरी अडचण अशी की मान्यता संकलनाच्या आधी घ्यायची असते. तुमचे संकलन आधीच झाले असेल, तर काय झाले ते संपादकांना सरळ लिहून कळवावे आणि तारखा मागेपुढे करण्याच्या मोहात पडू नये. पुढच्या वेळी समितीकडे जाताना संमतीपत्राचा तुर्की मसुदा सोबत असू द्यावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांची संमती ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीलाच त्यांच्या आवाजात नोंदवून घ्यावी, आणि तसा मार्ग अवलंबणार असल्याचे अर्जातच लिहावे.

प्रश्न : तुर्की अक्षरांवरील टिंबे आणि शेपट्या जशाच्या तशा ठेवणे खरोखर आवश्यक आहे का?

उत्तर : होय. 1928 मध्ये स्वीकारलेल्या लॅटिन वर्णमालेत टिंब असलेला आणि टिंब नसलेला ‘आय’ ही दोन स्वतंत्र अक्षरे आहेत. एकाच शब्दात टिंब नसेल तर अर्थ होतो ‘माळ’, म्हणजे मोकळे रान. टिंब दिले की अर्थ होतो ‘मळ’. मराठीत एका कान्याने जे होते ते तिथे एका टिंबाने होते, आणि मेंढपाळाच्या गीतात ही चूक झाली तर काय छापले जाईल, याची कल्पना करावी. 1928 पूर्वीचे अरबी लिपीतील मजकूर उद्धृत करताना लिप्यंतराची कोणती पद्धत वापरली, हे पहिल्याच टीपेत सांगावे.

प्रश्न : मला क्षेत्रीय अभ्यास करणे शक्य नाही. नस्रेद्दीन होजाच्या, म्हणजे आपल्याकडच्या मुल्ला नसरुद्दीनच्या, छापील कथांवर लिहिलेला निबंध कुणी स्वीकारेल का?

उत्तर : स्वीकारतील, मात्र ‘होजाच्या कथांतील विनोद’ या विषयावर नव्हे. 2022 मध्ये होजाच्या किश्शांची परंपरा सात देशांनी मिळून युनेस्कोच्या यादीत नोंदवली. सिव्रिहिसारजवळच्या होर्तू गावाला त्याचे जन्मस्थान मानतात, तर कबर आकशेहिर येथे दाखवतात. एकच किस्सा अनातोलिया आणि मध्य आशिया येथील छापील संग्रहांत कसा बदलतो, कोणत्या संग्राहकाने कोणता किस्सा गाळला आणि का गाळला, हा प्रश्न घरी बसून तपासता येतो. त्यासाठी वोल्फ्राम एबरहार्ड आणि पेर्तेव नाइली बोराताव यांनी 1953 मध्ये जर्मनमध्ये प्रसिद्ध केलेली तुर्की लोककथांची सूची हाताशी असावी. तिच्यात 378 कथाप्रकार आहेत, आणि ते 2004 च्या आंतरराष्ट्रीय कथासूचीशी ताडून पाहता येतात.

दुसरा मार्ग म्हणजे या विद्येचा इतिहास, आणि मला तो अधिक मोकळा वाटतो. झिया ग्योकाल्प यांनी 1913 मध्ये, तर फुआद क्योप्रुलू आणि रझा तेव्फिक यांनी 1914 मध्ये या विषयावर पहिले लेख लिहिले ते साप्ताहिकांत आणि दैनिकांत; त्या वेळी या विद्येला नावही ठरलेले नव्हते, कुणी ‘हाल्कियात’ म्हणत होते, तर कुणी ‘फोल्क्लोर’. बोराताव यांचे अंकारा विद्यापीठातील लोकसाहित्याचे अध्यासन 1948 मध्ये राजकीय वादळात बंद पडले आणि 1952 मध्ये ते पॅरिसला गेले. हंगेरीचे संगीतकार बेला बार्तोक यांनी 1936 मध्ये तुर्की संगीतकार अदनान सायगुन यांच्यासह अदानाच्या परिसरात फोनोग्राफवर गाणी मुद्रित केली; त्यांचा त्यावरील ग्रंथ मात्र त्यांच्या मृत्यूनंतर तीन दशकांनी, 1976 मध्ये छापून आला. मधल्या चाळीस वर्षांत त्या हस्तलिखिताचे काय झाले, त्याचा पत्रव्यवहार कुठे आहे आणि त्या गाण्यांच्या नोंदींत गायकांची नावे कशी लिहिली आहेत, एवढाच शोध घेतला, तरी एका निबंधाला पुरेल इतके काम त्यात आहे.