‘रिसीव्हर’, झेल आणि कारकीर्द

प्रश्न असा आहे : कॅनेडियन फुटबॉलमधील जेरॉय सायमन या रिसीव्हरवर मराठीत चरित्रात्मक टिपण लिहायचे असेल, तर ‘रिसीव्हर’ला ग्राहक म्हणावे, प्राप्तकर्ता म्हणावे की झेलकरी? आणि त्याच्या नावावर असलेल्या ‘रिसेप्शन’ना झेल म्हटले, तर वाचकाच्या मनात क्रिकेट येऊन घोटाळा होणार नाही का? (कॅनेडियन फुटबॉल म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या जातीचा, चेंडू हातात घेऊन आणि फेकून खेळायचा खेळ. साथीदाराने फेकलेला चेंडू टिपणारा तो रिसीव्हर, आणि असा चेंडू टिपणे म्हणजे ‘रिसेप्शन’.)

पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. ‘ग्राहक’ हा शब्द मराठीत दुकानाच्या गल्ल्यापाशी इतका पक्का बसला आहे की तो मैदानावर आणणे हास्यास्पद ठरेल. ‘प्राप्तकर्ता’ टपालाच्या पाकिटावर किंवा बँकेच्या अर्जावर शोभतो. ‘झेलकरी’ची घडण मात्र निर्दोष आहे, शेतकरी, वारकरी यांच्या पंक्तीत तो सहज बसतो आणि कानालाही गोड लागतो. तरीही माझा कौल ‘रिसीव्हर’ तसाच ठेवण्याकडे आहे, कारण हे नाव केवळ क्रियेचे नसून जागेचेही आहे. रिसीव्हरने एखाद्या सामन्यात एकही चेंडू झेलला नाही, तरी तो रिसीव्हरच राहतो. झेलकऱ्याने काहीच झेलले नाही, तर त्याचे नाव खोटे पडते. लिहिताना मराठी विभक्ती मात्र नि:संकोच लावावी : रिसीव्हरने, रिसीव्हरांना, रिसीव्हरांमध्ये. ‘रिसीव्हर्सनी’ असे इंग्रजी अनेकवचनावर मराठी प्रत्यय चढवलेले रूप टाळलेले बरे.

सायमनच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. तो ‘स्लॉटबॅक’ या जागी खेळत असे. मैदानाच्या कडेला उभा राहणारा वाइड रिसीव्हर आणि मधली आघाडीची फळी यांच्यामधील मोकळ्या जागेत, थोडा मागे, स्लॉटबॅक उभा असतो. कॅनेडियन नियमांनुसार चेंडू खेळात येण्यापूर्वीच त्याला प्रतिस्पर्ध्यांच्या दिशेने धावायला सुरुवात करता येते, त्यामुळे चेंडू हलतो त्या क्षणी तो पूर्ण वेगात असतो. अमेरिकी खेळात अशी पुढच्या दिशेची धाव चालत नाही. कॅनडातील लोक या हालचालीला ‘वॅगल’ म्हणतात. टिपणात हा शब्द एकदा देऊन पुढे ‘धावती सुरुवात’ असे लिहिले, तर वाचक अडणार नाही.

आता झेल. शंका रास्त आहे, कारण मराठीत झेल म्हटले की कोणी तरी बाद होतो. क्रिकेटमध्ये होतो आणि विटीदांडूतही होतो. हवेतली विटी झेलली की खेळणाऱ्याची पाळी संपली. झेल हे आपल्याकडे क्षेत्ररक्षण करणाऱ्याचे शस्त्र आहे आणि तो घेतला की त्या चेंडूपुरता खेळ थांबतो. कॅनेडियन फुटबॉलमध्ये नेमके उलटे घडते. झेल आक्रमण करणाऱ्या बाजूचा असतो, क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूने, आपल्याच साथीदाराकडे फेकलेला चेंडू रिसीव्हर टिपतो आणि तेथून खेळ थांबण्याऐवजी झेलणारा धावू लागतो. तरीही मी ‘झेल’ हाच शब्द वापरावा असे म्हणतो. क्रिया तीच आहे, शब्द घरचा आहे, आणि ‘रिसेप्शन’ तसेच ठेवले तर मराठी वाचकाला लग्नानंतरचा स्वागतसमारंभ आठवण्याचा धोका क्रिकेट आठवण्याच्या धोक्यापेक्षा मोठा आहे. फक्त लेखकाने एक पथ्य पाळावे : झेलाचा उल्लेख एकटा सोडू नये, त्याने किती अंतर मिळवले हे शक्यतो त्याच वाक्यात सांगावे. ‘सायमनने १०५ झेल घेतले’ हे वाक्य क्रिकेटच्या यष्टिरक्षकाचे वाटते. ‘२००६ च्या हंगामात सायमनने १०५ झेल टिपून १,८५६ यार्डांची मजल मारली’ या वाक्यात खेळ कोणता हे आपोआप उघड होते. त्याच हंगामात तो कॅनेडियन फुटबॉल लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला आणि त्याच्या बी.सी. लायन्स संघाने ग्रे कप, म्हणजे लीगचे विजेतेपदही जिंकले. प्रतिस्पर्ध्याने मध्येच चेंडू टिपला, तर ती क्रियाही झेलण्याचीच असली तरी तेथे ‘झेल’ न म्हणता ‘पास पळवला’ असे म्हणावे, म्हणजे दोन बाजूंची सरमिसळ होत नाही.

‘यार्ड’साठी मराठीत ‘वार’ हा जुना आणि अचूक शब्द आहे. नऊवारी लुगड्यातला वार तो हाच, तीन फुटांचा. पण सायमनने कारकिर्दीत १६,३५२ वार केले असे लिहिले, तर वाचक पोलिसांकडे धाव घेईल. येथे यार्डच असू द्यावा. ‘डाउन’साठी ‘डाव’ लिहिण्याचा मोह उच्चारसाम्यामुळे होतो, तोही आवरावा. डाव म्हणजे संघाची पूर्ण पाळी. डाउन म्हणजे एकच प्रयत्न. कॅनेडियन खेळात दहा यार्ड पुढे जाण्यासाठी तीनच प्रयत्न मिळतात, अमेरिकेत चार. एक प्रयत्न कमी आणि मैदान ६५ यार्ड रुंद, म्हणजे अमेरिकी मैदानापेक्षा बरेच ऐसपैस, म्हणून चेंडू हातात घेऊन रेटत जाण्यापेक्षा तो लांब फेकण्याकडे तेथील संघांचा कल राहिला, आणि म्हणूनच त्या लीगच्या इतिहासात रिसीव्हरांना एवढे मानाचे स्थान आहे. टिपणात ‘प्रयत्न’ हा शब्द वापरला, तर हे कारण दोन ओळींत सांगता येते.

‘कारकीर्द’ या शब्दाविषयी विचारलेले नसले, तरी सांगायला हवे. हा फारसीतून आलेला शब्द मुळात राज्यकारभाराच्या काळासाठी रुळला : पेशव्यांची कारकीर्द, अमुक गव्हर्नराची कारकीर्द. नोकरी, कला, खेळ यांच्याकडे तो नंतर वळला. मूळ रूपात ‘की’ दीर्घ, सामान्यरूपात ऱ्हस्व : कारकीर्द, पण कारकिर्दीत. सत्तेचा तो जुना वास सायमनला शोभतोही. पेनसिल्व्हेनियातील जॉन्सटाउनमध्ये १९७५ साली जन्मलेला आणि मेरीलँड विद्यापीठात खेळलेला हा खेळाडू १९९९ मध्ये विनिपेग ब्लू बॉम्बर्सकडून कॅनेडियन लीगमध्ये आला, २००१ पासून २०१२ पर्यंत व्हँकुव्हरच्या बी.सी. लायन्सकडे राहिला आणि २०१३ चा शेवटचा हंगाम सस्कॅचेवान रफरायडर्सकडून खेळला. त्या वर्षीचा ग्रे कप रिजायना येथे, म्हणजे रफरायडर्सच्या घरच्या मैदानावरच झाला. त्यांनी हॅमिल्टनला ४५-२३ असे हरवले आणि सायमनने त्यात दोन टचडाउन केले, म्हणजे चेंडू दोनदा प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेपार नेला. २००६ आणि २०११ हे लायन्सबरोबरचे धरले, तर त्याचे ग्रे कप तीन होतात. २०१७ मध्ये त्याला कॅनेडियन फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले.

टिपणात ‘सर्वांत यशस्वी रिसीव्हर’ अशी शब्दयोजना असेल, तर ती खोडावी. कारकिर्दीतील एकूण यार्डांत सायमन सर्वांच्या पुढे आहे. २०१२ मध्ये त्याने विनिपेगच्या मिल्ट स्टीगलचा १५,१५३ यार्डांचा विक्रम मागे टाकला. पण स्टीगलने ते यार्ड ८५४ झेलांत मिळवले होते, सायमनला १६,३५२ साठी १,०२९ झेल लागले. दर झेलामागे स्टीगलची सरासरी सुमारे १७.७ यार्ड आणि सायमनची १५.९. झेलून केलेल्या टचडाउनांतही १४४ विरुद्ध १०३ असा स्टीगलच पुढे आहे, मात्र त्याला ग्रे कप कधीच मिळाला नाही. झेलांची सर्वाधिक संख्या पुढे निक लुईसने १,०५१ वर नेली. तेव्हा ‘कारकिर्दीत सर्वाधिक यार्ड मिळवणारा रिसीव्हर’ असे नेमके लिहावे. वाक्य थोडे लांबते, पण त्यावर कोणी बोट ठेवू शकत नाही.

राहिला प्रश्न ‘त्याने’ की ‘त्यांनी’ याचा. वृत्तपत्रांच्या क्रीडापानावर खेळाडूला एकेरी संबोधण्याची मराठी रीत जुनी आहे आणि तिच्यात अनादर नाही, उलट आपलेपणाच असतो. म्हणून वर मीही तसेच लिहिले आहे. टिपण एखाद्या कोशासाठी असेल, तर तेथे ‘सायमन यांनी’ असा आदरार्थी प्रयोग रूढ आहे. कोणताही एक निवडावा आणि तोच शेवटपर्यंत ठेवावा. खेळत असेपर्यंत ‘त्याने’ आणि निवृत्त होताच ‘त्यांनी’ अशी मधेच बढती देऊ नये.