आधी प्रश्न, मग धडा

प्रिय बेटा,

सप्रेम आशीर्वाद. पत्र मिळालं. मुलं इंग्रजीचा धडा घडाघडा वाचतात आणि 'काय वाचलं?' विचारलं की खाली बघतात, असं तू लिहिलंस. आपल्याकडे 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आलं, तरी हे दुखणं जुनंच. देवनागरीत लिहिलं तसं वाचता येतं. इंग्रजीत अक्षरं 26 आणि ध्वनी चव्वेचाळीसच्या आसपास. पोराचा सगळा जीव उच्चार जुळवण्यात जातो, अर्थाकडे बघायला सवड कुठे? त्यात एकेकाला उभं करून वाचायला लावलं की बाकीचे आपल्या वाट्याला कोणता परिच्छेद येतो तेच मोजत बसतात.

म्हणून आधी फळ्यावर दोन प्रश्न लिही, मग मजकूर दे आणि मनात वाचू दे. पहिल्या दिवशी पुस्तक बाजूला ठेव. तुमच्या चोपडा तालुक्यात घरोघर कपाशी. बियाण्याच्या पाकिटामागच्या लेबलचा फोटो काढून छापून ने. (पाकीट मुलांकडून मागवू नकोस, बियाण्याला औषध चोळलेलं असतं.) विचार: उगवण किती टक्के? कुठल्या तारखेपर्यंत पेरता येईल? 'जर्मिनेशन' शब्द कुणी शिकवलेला नसतो, पण टक्क्याचं चिन्ह बघून पोरं बरोबर बोट ठेवतात. बापाबरोबर दुकानात गेलेला, वर्गात कधी तोंड न उघडणारा पोरगाच बहुधा आधी सांगतो. अनोळखी शब्द ओलांडून हवं ते शोधणं हेही वाचनच. पाठ्यपुस्तकातला उतारा पुढच्या आठवड्यात असाच घे.

लेखनाचं थोडक्यात सांगतो. गाइडमधला आवडत्या सणाचा निबंध उतरवून घेणं बंद कर, त्याला वाचणारा कुणीच नसतो. दुकानात निघालेल्या भावाला चार ओळींची चिठ्ठी लिहायला सांग: कोणतं बियाणं, किती पाकिटं, तारीख बघून घे. लिहिण्याआधी जोडीजोडीनं घरच्या बोलीत, अहिराणीत बोलू दे, आदिवासी पाड्यावरची मुलं त्यांच्या पावरी बोलीत बोलतील. मुख्याध्यापक कुरकुरतील, कुरकुरू देत. काय लिहायचं ते डोक्यात जुळलं, की इंग्रजीचं ओझं निम्मं होतं.

तपासताना लाल पेन आवर. आज फक्त क्रियापदं बघ, स्पेलिंग पुढच्या खेपेला. चिठ्ठी शेजारच्यानं वाचावी आणि जे कळलं नाही तिथे खूण करावी. मग तीच चिठ्ठी पुन्हा लिहायची. दुसरा खर्डा घ्यायला वेळ नाही म्हणशील, तर एक निबंध कमी घे.

दिवाळीत जळगावला येशील तेव्हा दोन्ही खर्डे घेऊन ये, सोबत बसून बघू.

तुझे,
सर