हाँगकाँगचे हस्तांतर की प्रत्यार्पण?

'1997 मध्ये हाँगकाँग ब्रिटनकडून चीनकडे गेले, त्याला हस्तांतरण म्हणावे, विलीनीकरण म्हणावे की प्रत्यार्पण?' असा प्रश्न आला आहे. माझा कौल 'हस्तांतर' या शब्दाला आहे. पण त्यामागे 'सार्वभौमत्वाचे' हे पद लावताना जपावे.

आधी रूपाविषयी. स्थलांतर, धर्मांतर, सत्तांतर या शब्दांप्रमाणे 'हस्तांतर' म्हणजे दुसरा हात, आणि त्यावरून दुसऱ्या हाती जाणे. 'हस्तांतरण' मालमत्तेच्या कायदेशीर व्यवहारांमुळे रुळले आहे व ते चूक नाही. तरी सत्तांतराच्या पंगतीला हस्तांतरच शोभते.

'विलीनीकरण' येथे बसत नाही, कारण विलीन झालेल्या घटकाचे वेगळेपण उरत नाही, तर हाँगकाँगचे चलन, जकात आणि न्यायव्यवस्था 50 वर्षे वेगळी राहतील, असे ठरले होते. 'प्रत्यार्पण' व्युत्पत्तीने सुरेख आहे, पण तो शब्द आता आरोपीला दुसऱ्या देशाच्या स्वाधीन करण्यासाठी ठरून गेला आहे. आणि 2019 मध्ये हाँगकाँगमध्येच प्रत्यार्पण विधेयकाविरुद्ध मोठे आंदोलन झाल्याने या संदर्भात तो वापरल्यास वाचकाचा हमखास गोंधळ होईल.

खरा पेच सार्वभौमत्वाचा आहे. हाँगकाँग बेट 1842 मध्ये आणि त्यासमोरचे कौलून 1860 मध्ये ब्रिटनला कायमचे दिले गेले, तर त्याच्या उत्तरेचा 'नवा प्रदेश' (न्यू टेरिटरीज) 1898 मध्ये 99 वर्षांच्या पट्ट्याने मिळाला. (त्यासाठी भाडे ठरलेले नव्हते, म्हणून 'भाडेपट्टा' हा शब्दही मला खटकतो, 'मुदतीचा पट्टा' म्हणणे बरे.) हे करार चीनवर लादलेले असल्याने ते आपल्याला बंधनकारक नाहीत, अशी बीजिंगची भूमिका होती; म्हणजे त्यांच्या मते सार्वभौमत्व कधी गेलेच नव्हते, केवळ त्याचा अंमल थांबला होता. म्हणूनच ब्रिटन व चीन यांच्या 1984 च्या संयुक्त जाहीरनाम्यात दोन पक्षांच्या तोंडी दोन वेगळी क्रियापदे आहेत: चीन 'सार्वभौमत्वाचा वापर पुन्हा सुरू करील', आणि ब्रिटन हाँगकाँग 'परत करील'. सार्वभौमत्व एकाने दुसऱ्याला दिले, असे दोघांपैकी कोणीही तेथे म्हटलेले नाही. 'सार्वभौमत्वाचे हस्तांतर' असे लिहिले की आपण नकळत ती न लिहिलेली गोष्ट लिहितो आणि एक बाजू घेतो; नुसते 'हाँगकाँगचे हस्तांतर' म्हटले तर प्रदेश एका हातातून दुसऱ्या हातात गेला एवढेच सांगितले जाते, आणि तेवढे दोघांनाही मान्य आहे.

पोर्तुगालच्या ताब्यात असलेल्या शेजारच्या मकाऊच्या बाबतीत मात्र अधिक नेमके लिहिता येते. 1987 च्या जाहीरनाम्यात पोर्तुगाल आणि चीन या दोघांनी मिळूनच मकाऊ हा चीनचा भूप्रदेश असल्याचे म्हटले होते. त्यामुळे 20 डिसेंबर 1999 रोजी तेथे जे झाले, त्याला 'प्रशासनाचे हस्तांतर' असे निःशंकपणे म्हणावे.