चीनमध्ये ड्रॅगन बोटीच्या सणाला पानात बांधलेला चिकट भात का खातात? नदीत बुडालेल्या कवीची गोष्ट खरी आहे का? आणि तो भात घरी करता येतो का?

कवी खरा, पण त्याचा या भाताशी संबंध नंतर जोडला गेला.

हा सण चिनी पंचांगाच्या पाचव्या महिन्यातल्या पाचव्या दिवशी येतो, म्हणजे साधारण मे अखेर ते जून (२०२६ मध्ये १९ जूनला). त्याला दुआनवू म्हणतात आणि पानातल्या भाताला झोंग्झी. छू राज्याचा मंत्री आणि कवी छ्यू युआन याने इ.स.पू. २७८च्या सुमारास, शत्रू असलेल्या छिन राज्याच्या सैन्याने छूची राजधानी घेतल्यावर, मीलुओ नदीत जीव दिला असं मानतात. इ.स.पू. १०० च्या आसपास सीमा छ्यानने लिहिलेल्या इतिहासात तो धोंडा कवटाळून नदीत उडी घेतो. तिथे भात नाही, पाचवी तिथीही नाही.

भात दिसतो तो तिसऱ्या शतकात. चौ छूने आपल्या भागातल्या चालीरीती नोंदवताना लिहिलंय की दुआनवूला आणि उन्हाळी संक्रमणाच्या (वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवसाच्या) सुमारास लोक चिकट बाजरीवर्गी धान्य पाणगवताच्या पानात गुंडाळून राखेच्या पाण्यात शिजवतात. तिथे कवीचं नाव नाही. भात आणि कवी एकत्र आले सहाव्या शतकातल्या एका चमत्कारकथेत: लोक बांबूच्या नळीत तांदूळ भरून नदीत सोडत, पण जलनाग ते पळवत. तेव्हा कवीचं भूत सांगतं, वर बकाण निंबाची पानं लावा आणि पाचरंगी दोरा बांधा, त्याला नाग घाबरतो. 'माशांनी प्रेत खाऊ नये म्हणून भात टाकला' ही आज सगळीकडे ऐकू येणारी गोष्ट याचंच सोपं रूप. पूर्व चीनमधल्या सूचौ शहराकडे हाच सण वू त्सीश्यू या दुसऱ्याच मंत्र्याच्या नावे सांगतात, त्याचं प्रेत नदीत टाकलं होतं. त्यामुळे माझ्या मते सण आधीचा आणि नायक नंतरचे.

सणाचा गाभा आहे उकाड्याचा आणि रोगराईचा महिना. म्हणूनच दाराला वेखंडाची पाती (तेच आपलं बाळगुटीतलं वेखंड) आणि दवण्याच्या कुळातली एक उग्र वासाची वनस्पती टांगतात, मुलांच्या मनगटाला पाचरंगी दोरा बांधतात. साप, विंचू, गोम, पाल आणि बेडूक हे 'पाच विषारी'. पूर्वी मनशीळ घातलेली दारूही पीत. ती मात्र करू नका, मनशीळ म्हणजे आर्सेनिकच.

आता कृती. १० ते १२ नगांना अर्धा किलो चिकट तांदूळ लागतो. इंद्रायणीने काम होत नाही. ती मऊ होते, पण तिच्यात अमायलोज (भाताची शितं सुटी ठेवणारा स्टार्चचा प्रकार) उरतंच, त्यामुळे पान सोडलं की आकार मोडतो. आसामचा बोरा चाऊळ चालतो, तो खरोखर चिकट जातीचा आहे. तांदूळ तीन-चार तास भिजवून निथळून घ्या. सुकी बांबूची पानं रात्रभर भिजवून दहा मिनिटं उकळा, नाहीतर दुमडताना चिरतात. देठाकडचा कडक भाग कापून टाका.

दोन पानं एकमेकांवर अर्धी चढवा, गुळगुळीत बाजू आत ठेवून शेंगदाण्याच्या पुडीसारखा कोन करा. टोकाला भोक राहिलं तर सगळा तांदूळ तिथूनच बाहेर पडतो, आणि बहुतेकांचं पहिल्यांदा हेच होतं. थोडा तांदूळ, मध्ये सारण, वर पुन्हा तांदूळ, वरची पानं झाकणासारखी दुमडून दोऱ्याने बांधा. सारणाला उत्तरेत खजूर किंवा गोड लाल चवळीचं पुरण घालतात. चच्यांग प्रांतातल्या च्याशिंग शहराचं प्रसिद्ध आहे ते सोया सॉसमध्ये मुरवलेलं डुकराचं मांस, आणि त्यात चरबीचा तुकडा हवाच, तीच वितळून भातात उतरते. नुसतं पातळ मांस घातलं तर भात कोरडा लागतो.

बांधणं हा कळीचा भाग. फार आवळलं तर तांदळाला फुगायला जागा उरत नाही आणि मध्ये कच्ची गाठ राहते. सैल राहिलं तर पाणी शिरून लापशी होते. राखेच्या पाण्याची चाल अजून टिकून आहे: भिजवून निथळलेल्या अर्धा किलो तांदळाला बाटलीतल्या क्षारपाण्याचे दोन छोटे चमचे चोळले की तो शिजल्यावर पिवळसर, पारदर्शक होतो. हे प्रकार जरा सैलच बांधा, फार फुगतात. क्षार जास्त झाला की साबणासारखी चव येते.

पुड्या पाण्यात पूर्ण बुडाल्या पाहिजेत, तरंगू नयेत म्हणून वर ताटली ठेवा. मंद आचेवर अडीच-तीन तास. पाणी आटलं तर उकळतंच घाला. गार पाण्याने शिजणं मध्येच थांबतं आणि भात घट्ट राहतो. गॅस बंद केल्यावर तासभर तसंच राहू द्या, मगच सोडा. गरमागरम उघडली तर पानाला चिकटून निम्मा भात जातो. उरलेल्या फ्रिजमध्ये दगडासारख्या होतात, त्या पानासकट पुन्हा पंधरा मिनिटं उकळा.

केळीच्या किंवा हळदीच्या पानाचं विचाराल तर पातोळ्यांसारख्या वाफेवरच्या पदार्थाला ती उत्तम, पण तीन तास उकळल्यावर ती फाटतात. बांबूची पानं मिळालीच नाहीत तर केळीचं पान दुहेरी घ्या, चपटी पुडी बांधा आणि उकळण्याऐवजी दोन तास वाफवा.